ट्रॉली डावीकडं ओढतीया

"अण्णा, ब्रेक दाबला की ट्रॉली डावीकडं ओढतीया," असं आमचा ड्रायव्हर गेल्या सीझनमध्ये मला तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा मी "टायरात हवा बघ" म्हणून विषय मिटवला. मार्चमध्ये तो सुट्टीवर होता, म्हणून संकेश्वरहून शेतासाठी प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ, खताला) भरून मी स्वतः ट्रॅक्टर आणायला गेलो. तवंदी घाटात निपाणीकडं उतरताना पेडल दाबलं, तर ट्रॅक्टर थांबायला बघतोय आणि ट्रॉली मागून रेटतीया, वर तिचं बूड एका अंगाला सरकतंय. दुसऱ्या गिअरमध्ये होतो आणि रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. खाली आल्यावर उजव्या चाकाजवळ हात नेला, ड्रम गार. डावा मात्र एवढा तापलेला की हात जवळ नेववेना.

म्हणजे दोन चाकांचं काम एकटं डावं चाक करत होतं. हे कळूनही ट्रॉली उघडायला ऑक्टोबर उजाडला, कारण ट्रॉली रिकामी उभी असली की तिची आठवण कुणाला येत नाही. पावसाळाभर ती चिंचेखाली भिजत पडली.

आमची ट्रॉली दोन चाकी. खाली जुन्या ट्रकचा ॲक्सल, त्याच्या हवेच्या ब्रेकसकट. ट्रॅक्टरला कंप्रेसर आणि हवेची टाकी बसवून घेतलीय. पेडल दाबलं की रबरी पायपातून हवा मागच्या बूस्टरात, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या डब्यात, जाते, बूस्टरची दांडी स्लॅक ॲडजस्टरला (शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करायचा बोल्ट असलेल्या हाताला) ढकलते, तो कॅमशाफ्ट फिरवतो आणि शाफ्टच्या टोकाचा इंग्रजी एससारखा कॅम दोन्ही शू, म्हणजे लायनरचं अस्तर मारलेल्या लोखंडी कमानी, फाकवून ड्रमला आतून दाबतो. आमचे बूस्टर साधे, एका डायफ्रामचे. मोठ्या लॉऱ्यांना मागं जोडबूस्टर असतो, त्यात पार्किंगसाठी दाबून ठेवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. त्याचा पट्टा घरी कुणी खोलू नये. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.

चुलत भावाला हाताशी घेतलं आणि गावातल्या जुन्या मिस्त्रीमामांना फक्त खुर्चीवर बसून बघायला बोलावलं. ट्रॉली सपाट जागेला घेतली, एका चाकाला दोन्हीकडून दगड लावले, दुसऱ्याचे नट जमिनीवरच सैल केले आणि मग ॲक्सलखाली जॅक लावला. मी लगेच खाली शिरणार, तोच मामा ओरडले, "अरे ओंडका कुठाय? जॅकवर कशाला जीव टाकालायस?" बाभळीचे दोन जाड ओंडके ॲक्सलखाली सरकवले, जॅक थोडा उतरवून वजन त्यांच्यावर घेतलं, तेव्हा मामा गप्प बसले.

ड्रम काही सुटेना. चार महिन्यांच्या गंजानं शू चिकटले होते, शिवाय ड्रमच्या कडेला झिजून उरलेला ओठ तयार झाला होता, त्यात शू अडकत होते. आम्ही घणानं ठोकत बसलो. अर्ध्या तासानं मामांनी विचारलं, "स्लॅक सैल केलास काय?" नव्हता केला. तो मागं फिरवून शू आत घेतले, ग्रीसकप काढला, नट-वॉशर आणि बाहेरचं बेरिंग हातात घेतलं आणि हबसकट ड्रम दोघांनी मिळून ओढला. आला.

उजवीकडं आत सगळा काळा चिखल. ऑइल सीलचा ओठ फाटलेला, हबमधलं ग्रीस वितळून लायनरवर आलेलं, लायनर काचेसारखा गुळगुळीत. हे कुणाचं काम? माझंच. मागच्या वर्षी बेरिंगला ग्रीस भरताना "जास्त असलेलं बरं" म्हणून मी अख्खा हब ठासून भरला होता. गरम झाल्यावर ग्रीस फुगतं, जागा शोधतं आणि सीलमधून बाहेर पडतं. ग्रीस बेरिंगच्या रोलरांमध्ये पाहिजे, हबची कोठी भरायची गरज नसते.

डावीकडं नेमकं उलटं. लायनर रिबेटांपर्यंत उतरलेला, एका जागी रिबेटच्या डोक्यानं ड्रमला चर पाडलेला, आणि ड्रमवर निळसर डाग. हे डाग जास्त तापल्याचे.

शेजारच्या एकानं येऊन सल्ला दिला की उजव्या लायनरला पेट्रोल लावून पेटवून द्या, ग्रीस जळून जातं. मी पण हे पूर्वी केलंय. वरचं जळतं, आत मुरलेलं पुढच्या घाटात गरम झालं की परत वर येतं. ग्रीस प्यालेला लायनर गेला तो गेलाच. बदलायचा तर दोन्ही चाकांचा एकदम बदलायचा, नाहीतर पुन्हा तीच ओढाताण. आणखी एक, ड्रमातली भुकटी कंप्रेसरच्या हवेनं उडवायचा मोह होतो. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाते. आम्ही ओल्या फडक्यानं पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली.

दोन्ही ड्रम घेऊन बेळगावला उद्यमबागेत गेलो. फाउंड्री आणि लेथची कामं करणारी माणसं तिथं गल्लोगल्ली आहेत. लेथवाल्यानं आधी तारेच्या ब्रशनं ड्रम घासला आणि ओतीव अंकांवर बोट ठेवलं. "नोड्री, इल्लि बरदैति," म्हणाला, म्हणजे इथं लिहिलंय बघा. ड्रमचा आतला व्यास जास्तीत जास्त किती चालेल ते ड्रमवरच असतं, त्यापुढं टर्निंग केलं तर ड्रम पातळ होऊन फुटायची भीती. आमचा डावा चर निघेपर्यंत मर्यादेच्या आत राहिला. भेग आहे का तेही त्यानं नीट बघितलं, केसासारख्या बारीक रेषा होत्या, आरपार काही नव्हती. उजवाही तेवढ्याच मापाला घ्यायला लावला. लायनर तिथंच शूवर मारून घेतले. रिबेट मधून सुरू करून कडेकडं मारत न्यायच्या, म्हणजे लायनर शूला घट्ट बसतो, मध्ये फट राहत नाही. हे तो कन्नडमध्ये सांगत होता, भाऊ मराठीत विचारत होता, काम दोघांना कळत होतं.

घरी येऊन बघतो तर उजवा कॅमशाफ्ट बुशमध्ये आखडलेला. म्हणजे ग्रीस नसतं आलं तरी ते चाक धड लागलं नसतंच. खरं सांगायचं तर हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण कॅमशाफ्टचा ग्रीस निपल चिखलाखाली होता आणि तिथं ग्रीसगन कधी लावलीच नव्हती. शाफ्ट काढून घासला, बुश नवे घातले, रोलर आणि पिना साफ केल्या, रिटर्न स्प्रिंगा चारही नव्या टाकल्या. जुन्या ढिल्या पडल्या होत्या.

बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन एकेक रोलर उजेडात बघितला, मग तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरलं. नवं सील ठोकलं. चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल केला, पुन्हा बोटांनी बसेल इतपत घट्ट करून खाच जुळवली आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून घालायची सवय आमच्याकडं घरोघरी आहे. मामांनी ती जुनी पिन उचलून विहिरीत टाकली.

शेवटी स्लॅक. चाक हातानं फिरवत बोल्ट आवळत जायचं, चाक जाम झालं की अर्धा फेरा मागं. लायनर किंचित घासल्याचा आवाज येतो, पण चाक मोकळं फिरतं. ब्रेक दाबून धरल्यावर बूस्टरची दांडी आणि स्लॅक यांच्यात साधारण काटकोन दिसायला हवा. जोडांवर साबणाचं पाणी लावलं, एक पाईप फेस काढत होता, तो बदलला. टाकीखालचा नळ उघडला तर अर्धा तांब्या पाणी निघालं.

आधी रिकामी ट्रॉली गावच्या सरळ रस्त्यावर, मग हळूहळू दहा-बारा वेळा ब्रेक दाबून लायनर बसवून घेतला. दोन्ही ड्रम सारखेच कोमट. सगळा खर्च एका नव्या टायरच्या किमतीच्या बराच खाली आला.

सीझन सुरू झाल्यावर ड्रायव्हर पहिली खेप टाकून रात्री आला. मी मुद्दाम काही विचारलं नाही. किल्ली खुंटीला अडकवत तो म्हणाला, "अण्णा, सीटचा स्पंज पार गेलाय. तेवढा बघा की."