लाख किलोमीटर झालेली डिझेल ब्रेझा: पैसे कुठे जातात, कुठे घालवू नयेत

मारुतीची विटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये बाजारात आली ती फक्त डिझेलमध्ये. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-सहा नियम लागू झाले आणि ते डिझेल इंजिन कायमचं गेलं. आज शोरूममध्ये मिळते ती ब्रेझा पेट्रोल आणि सीएनजी. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक डिझेल ब्रेझा आता जुनी आहे, आणि बहुतेकींचा काटा लाखाच्या आसपास किंवा पुढे गेलेला आहे. अशी गाडी घरात असेल किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार असेल, तर पहिला प्रश्न हमखास 'इंजिन किती चालेल?' हाच येतो. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. या गाडीत इंजिनाआधी क्लच, खालचं रबर आणि काजळी खिसा रिकामा करतात.

इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. याच इंजिनाची भावंडं पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनत आणि टाटापासून मारुतीपर्यंत अनेकांच्या गाड्यांत बसत, त्यामुळे त्याला ओळखणारा फिटर तालुक्याच्या गावीही सापडतो. ब्रेझातला अवतार ९० पीएसचा: २०० एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) १७५० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १७५० फेऱ्यांना, आणि टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) व्हेरिएबल जिऑमेट्रीचा. वरच्या या दोन गोष्टी, १७५० चा आकडा आणि तो टर्बो, लक्षात ठेवा. पुढची निम्मी दुखणी त्यांच्यातून निघतात.

क्लच

१७५० च्या खाली या इंजिनात जीव नाही. गर्दीत, चढावर किंवा सोसायटीच्या रॅम्पवर गाडी बंद पडू नये म्हणून चालवणारा हाफ क्लचवर आरपीएम चढवून ठेवतो. टर्बो जागा झाला की २०० एनएमचा सगळा झटका अर्धवट दाबलेल्या प्लेटवर येतो. रोज सिंहगड रोडच्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या गर्दीतून जाणाऱ्या गाडीची क्लच प्लेट ५०-६० हजार किलोमीटरमध्ये संपलेली दिसते, आणि पुणे-कोल्हापूर करणारी तीच गाडी लाख पार करून जाते. यात गाडीचा दोष थोडा, पायाचा जास्त.

क्लच संपत आला की नाही हे पेडलच्या उंचीवरून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण खात्री रस्त्यावरच होते. मोकळ्या सपाट रस्त्याला पाचव्या गिअरमध्ये साधारण २००० आरपीएमवर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबर चढले तर क्लच ठीक. काटा झपकन २८००-३००० ला गेला आणि वेग मागे रेंगाळला, तर प्लेट घसरतेय. खालच्या गिअरमध्ये ही घसरण लपते, वरच्या गिअरमध्ये क्लचवरचा भार जास्त म्हणून तिथेच ती पकडली जाते.

क्लच बदलायचा ठरला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. 'प्रेशर प्लेट अजून चांगली आहे' असं सांगून दोन-तीन हजार वाचवणारा फिटर तुमचं नुकसान करतोय, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि ती पुन्हा द्यावी लागते. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का, फ्लायव्हीलवर निळे जळके डाग किंवा बारीक तडे आहेत का, हे स्वतः उभं राहून पाहा. सील गळत असेल तर नव्या प्लेटवर तेल येतं आणि ती महिन्याभरात थरथरायला लागते. गिअर ऑइलही तेव्हाच नवं भरा.

ऑइल आणि चेन

या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. 'चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको' हे अर्धसत्य. चेनचा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं, जुनं होऊन पातळ झालं किंवा चुकीच्या ग्रेडचं भरलं की टेन्शनर चेन नीट ताणून धरत नाही आणि चेन गाइडवर आपटायला लागते. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या चेनच्या बाजूने सेकंद-दोन सेकंद खडखड आली तर घाबरू नका, पण ऑइलची पातळी त्याच दिवशी तपासा. खडखड गरम इंजिनातही टिकत असेल तर पूर्ण चेन किट टाकावं: चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं). नुसती चेन बदलून जुन्या झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवली तर नवी चेनही लवकर ढिली होते. चेन दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि खर्च हेड उघडण्यापर्यंत जातो. याच कारणाने बॅटरी उतरल्यावर धक्का मारून स्टार्ट करण्याऐवजी जम्पर केबल लावावी. बंद इंजिनात ऑइलचा दाब नसतो, आणि धक्क्यावर क्लच सोडताना बसणारा हिसका ढिल्या चेनला सोसवत नाही.

ऑइल लागतं सव्वातीन लिटरच्या आसपास, ग्रेड ५डब्ल्यू-३०. कंपनीचं वेळापत्रक १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं आहे. हायवेच्या गाडीला ते पुरेसं. रोज चार-पाच किलोमीटर शाळा, भाजी, बँक एवढंच करणाऱ्या गाडीला किलोमीटर विसरून सहा-सात महिन्यांत ऑइल बदलावं. अशा गाडीचं ऑइल पुरेसं तापतच नाही, त्यात शिरलेली वाफ आणि डिझेल उडून जात नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल दोन दिवसांत काळं होतं, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नये. पातळी पाहावी. गाडी सपाट जागी, बंद करून पाच मिनिटांनी. पातळी कमी होणं एक वेळ समजण्यासारखं, पण *वाढली* तर लगेच शोध घ्या: डिझेलचा वास आला तर इंजेक्टर गळतोय, दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळतंय.

ऑइल फिल्टर कागदी आहे, डब्यात बसणारा. त्याच्या प्लास्टिकच्या झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी बसवायची आणि झाकण पान्याने जिवाच्या आकांताने आवळायचं नाही. झाकणाला तडा गेला की ऑइल हळूहळू झिरपतं आणि गॅरेजवाला हेड गॅसकेटपर्यंत सगळ्यांवर संशय घेत बसतो.

काजळी

बीएस-चार ब्रेझाला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही ही दिलाशाची गोष्ट. पण ईजीआर व्हॉल्व्ह आहे, आणि वर सांगितलेला टर्बोही आहे. ईजीआर सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडतो. सतत कमी आरपीएमवर फिरवलेल्या गाडीत त्याची काजळी व्हॉल्व्हवर आणि मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी चिकटते. टर्बोच्या आत फिरणाऱ्या बारीक पात्या असतात, त्याही याच काजळीने अडकतात. लक्षणं ओळखीची: पिकअप गेला, ओव्हरटेक करताना काळा धूर, चेक इंजिनचा दिवा, आणि गाडी अचानक मरगळते पण बंद करून पुन्हा चालू केली की नीट पळते. हे शेवटचं लक्षण दिसलं की टर्बो बदलायला लगेच हो म्हणू नका. आधी स्कॅनर लावून एरर कोड वाचा. मग इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपला चीर गेलीय का, क्लिप ढिली आहे का, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या फाटल्यात का हे पाहा. त्यानंतर ईजीआर काढून साफ करा. टर्बो शेवटी. पाइपच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर तो थोडा असतोच. थेंब गळत असतील तर टर्बोचं सील पाहावं लागेल.

आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं चौथ्या गिअरमध्ये २५०० ते ३००० आरपीएमवर गाडी पळवली तर यातलं बरंचसं टळतं. घाट चढून आल्यावर चहाच्या टपरीशी थांबताना इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा. टर्बोच्या बेअरिंगला थंड ठेवणारं ऑइल इंजिन बंद होताच थांबतं, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये ते जळून बसतं.

सर्व्हिसच्या बिलावर 'इंजिन डिकार्बनायझिंग', 'इंजिन फ्लश', 'एसी डिसइन्फेक्टंट' अशा ओळी येतात. दुखणं नसताना त्या सगळ्या खोडाव्यात.

डिझेल फिल्टर मात्र पुढे ढकलू नये. त्यात साचलेलं पाणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खालचा ड्रेन सैल करून काढायचं. पाण्याचा दिवा लागला असेल तर त्याच दिवशी. पाणी इंजेक्टरपर्यंत पोचलं तर चार इंजेक्टरचं बिल जुन्या गाडीच्या किमतीला लाजवतं. फिल्टर बदलल्यावर हवा काढल्याशिवाय नुसता सेल्फ मारत बसू नये.

खालचे आवाज

ग्राउंड क्लिअरन्स १९८ मिलिमीटर, त्यामुळे खड्ड्याला न जुमानता गाडी घालायचा मोह होतो, आणि त्याची किंमत पुढच्या सस्पेन्शनला मोजावी लागते. आवाजाची जागा ओळखली तर अर्धा खर्च वाचतो. कमी वेगात बारीक खडबडीत रस्त्याला हलकी खट-खट आली तर बहुधा लिंक रॉड. हा स्वस्त भाग, दोन्ही बाजूंचा जोडीने बदला. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे जाताना एकच जड ठोका बसला तर लोअर आर्मचं (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचं) बुश, म्हणजे जोडातलं रबर. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना कटकट झाली किंवा स्प्रिंग सुटल्यासारखी वाटली तर शॉकअपच्या वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग. वेगाबरोबर वाढणारी घरघर जर एका बाजूला वळताना कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. तिथे टायर बदलून पाहण्यात पैसे घालवू नका. पूर्ण वळवून निघताना टक-टक-टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, आणि त्याच्या आधी कधीतरी रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असणार. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं तर नवा बूट आणि ग्रीसवर काम भागतं.

लोअर आर्म किंवा बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट आधी हाताने बसवायचा आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आवळायचा. मग अलाइनमेंट. हे गॅरेजमध्ये आधी सांगून ठेवा. काहींना राग येतो, येऊ द्या.

टायर खालच्या मॉडेलना २०५/६० आर१६ आणि झेड, झेड प्लसला २१५/६० आर१६. नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो, पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर ते कळतं.

कोकणातल्या गाडीला आणखी एक काम. पावसाळा संपला की गाडी वर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवा आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड, मागच्या बीमच्या आसपासचा गंज पाहा. अंडरबॉडी कोटिंग करताना दाराखालची आणि उंबऱ्याची पाणी निघायची भोकं बुजवतात, ती तारेने मोकळी करा. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये धूळ-चिखल साचून हँडब्रेक धरत नाही. ड्रम काढून साफ केला की बहुतेक वेळा काम होतं. वायरिंग कुरतडणाऱ्या उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखू ठेवणारे बरेच आहेत. उंदरांना ती चालते असं वायरिंगवाले सांगतात.

सेकंडहँड घेताना

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने बडगा आला, म्हणून तिकडच्या डिझेल ब्रेझा स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण नुसत्या किमतीवर भाळू नका. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात असावा, कर्ज असेल तर ते फेडल्याची नोंद हवी, आणि महाराष्ट्राचा नंबर घेताना इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. या टॅक्सचा दर डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा चढा आहे. हा आकडा आरटीओकडून काढून सौद्यात धरला की 'स्वस्त' गाडी अनेकदा इथल्याच गाडीच्या भावाला येऊन बसते. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षं मूळ तारखेपासून मोजली जातात. २०१६ ची गाडी २०३१ मध्ये पुन्हा पासिंगला जाणार.

गाडी बघायला जाताना इंजिन थंड असलं पाहिजे, हे फोनवरच सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. थंड स्टार्टचा चेनचा आवाज, पहिल्या मिनिटाचा धूर आणि सेल्फ किती वेळ फिरतो हे तिघं मिळून जे सांगतात ते गरम इंजिन लपवतं. निळा धूर थांबत नसेल तर ऑइल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. मग पाचव्या गिअरची क्लचची चाचणी, मग खालून लिफ्टवर. बॉनेट आधीच गरम लागलं, तर उद्या सकाळी पुन्हा येतो म्हणून सरळ निघावं.