एक दोऱ्याचं भोक

तुळजापूरचा घाट चौथ्या गिअरमध्ये रेटत चढायची माझी जुनी खोड. गाडीत पाच माणसं, एसी चालू, बाहेर मे महिन्यातलं ऊन, आणि समोर इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा कसा अगदी मध्यावर. म्हणजे सगळं ठीक, असा माझा समज. दोन वर्षांपूर्वी टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, उघडायची वेळ आली तेव्हा तो समज उतरला. पाणी नव्वद अंशांवर शांत असतं, आणि त्याच वेळी मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळातून, टर्बोवर जाणारा जळका वायू सातशे अंशांच्या घरात पोचलेला असू शकतो. पाण्याचा काटा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. टर्बोचं बिल भरून झाल्यावर ठरवलं, त्या वायूचं तापमान दाखवणारा मीटर बसवायचाच. आणि घरीच बसवायचा, कारण खिसा नुकताच रिकामा झाला होता.

मीटर मागवला. डबीत तीन गोष्टी निघाल्या: डॅशबोर्डवर बसणारा ५२ मिलिमीटरचा गोल मीटर, पेन्सिलच्या शिशासारखी ३ मिलिमीटर जाडीची पोलादी काडी, म्हणजे थर्मोकपल, आणि ती घट्ट पकडणारं आट्यांचं फिटिंग. काडीत दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की दर अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट एवढा बारीकसा विजेचा दाब तयार होतो. मीटर तेवढा मोजतो आणि त्याचे अंश करून दाखवतो.

पहिला प्रश्न, काडी कुठं घालायची? टर्बोच्या पुढच्या पत्र्याच्या पाइपात घातली तर काम तासाभराचं. पण टर्बो त्या वायूतली शक्ती काढून घेतो, त्यामुळं जोर लावताना तिथलं तापमान शंभर ते दोनशे अंशांनी कमी दिसतं. फरक नेहमी तेवढाच राहिला असता तर मनातल्या मनात मिळवून घेतला असता, पण तो पायाच्या दाबाबरोबर बदलत राहतो. म्हणून टर्बोच्या आधी, चारी सिलिंडरचा वायू एकत्र येतो तिथं, मॅनिफोल्डला भोक पाडायचं ठरलं. मॅनिफोल्ड बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं.

माझा बेत सोपा होता. मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवायचं, ड्रिल बिटाला भरपूर ग्रीस फासायचं म्हणजे भुगा त्यात चिकटेल, शेवटी इंजिन चालू ठेवून उरलासुरला धुराबरोबर बाहेर फेकायचा. असं करणारे बरेच आहेत. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ड्रिल हातात घेतलं आणि शेजारचे मामा फाटकाशी आले. मामांचं अर्धं आयुष्य मिलमध्ये फिटर म्हणून गेलं, उरलेलं यंत्रमागांत.

"काय करालास बे?"

सांगितलं.

"आणि भुगा?"

"ग्रीसला चिकटतो, मामा."

"सगळा?"

मी गप्प. मामा बॉनेटखाली वाकले. "मागाच्या बेअरिंगमधी चिमूटभर बीड गेलं तर माग दिवसभर उभा राहतोय. तुझ्या ह्या पंख्याचे फेरे किती म्हणलास?"

"मिनिटाला लाखाच्या वर."

"मग काढ खाली."

एवढंच बोलून ते चहाला गेले. मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. काढणं म्हणजे टर्बोची तेलाची नळी सोडवायची, नवं पॅकिंग आणायचं, मॅनिफोल्ड धरून ठेवणारे आट्यांचे गंजलेले दांडे, म्हणजे स्टड, सोडवायचे. एका सकाळचं काम दोन रविवारांवर जाणार. पण ज्या टर्बोचं बिल अजून डोळ्यांसमोर होतं, त्याच्याच पात्यांवर स्वतःच्या हातानं बीड फेकायचं?

रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी सात नट मुकाट्यानं सुटले. आठवा सुटतोय असं वाटलं आणि पाना एकदम हलका झाला. स्टड तुटला होता. चार-पाच मिलिमीटरचं खुंट बाहेर उरलं. मी ड्रिलकडे हात नेला, तर मामांनी पुन्हा अडवलं. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून खुंटावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग भरलं. तांबूसपणा गेला तसा पाना लावून हळूहळू पुढं-मागं केलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते, स्टड लोण्यासारखा बाहेर आला. त्याआधी बॅटरीच्या तारा काढायची आठवण मात्र मला राहिली होती, हे माझ्या बाजूनं नोंदवतो.

आता आटे. फिटिंगवर १/८ एनपीटी असं लिहिलेलं. नवी पेठेतल्या दुकानात १/८ चा पाइप टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मागितला, दुकानदारानं दिला, मी घेतला. मामांनी आधी भंगारातल्या बीडाच्या तुकड्यावर प्रयोग करायला लावला. "एक दोऱ्याला एवढं मोठं भोक कशाला?" हा त्यांचा पहिला आक्षेप. एक दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाइपाच्या आट्यांत हीच गंमत आहे: १/८ इंच हे जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीचं नाव, बाहेरचा आटा भरतो १० मिलिमीटरच्या वर आणि भोक लागतं ८.७ मिलिमीटरचं. आक्षेप मिटला, पण फिटिंग काही जाईना. दीड आटा गेलं आणि अडकलं. मोजून बघितलं तर फिटिंगला इंचात २७ आटे आणि टॅपला २८. आपल्याकडे नळकामाला चालतो तो बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश आटा. मला हवा होता तो अमेरिकी, एनपीटी. दोन्हींचं नाव १/८च. मॅनिफोल्डवर थेट टॅप मारला असता तर तिथंच सगळं संपलं असतं. बरोबर टॅप पुण्याहून यायला चार दिवस गेले.

दुसऱ्या रविवारी मॅनिफोल्ड शिकंज्यात धरलं. पंचानं खूण केली, आधी ४ मिलिमीटर, मग ६.५, मग ८.७. बीडाला ड्रिल करताना तेल नको, कोरडंच, आणि वेग कमी. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. हा आटा निमुळता असतो. टॅप फार खोल घातला तर फिटिंग सैल बसून आत जातं, म्हणून दर दोन फेऱ्यांनी फिटिंग लावून बघितलं. जमिनीवरच्या वर्तमानपत्रावर पाव चमचा काळा भुगा जमला. मामांनी तो बोटांनी चोळला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. रॉकेलनं दोनदा धुणं, आतून लोहचुंबक फिरवणं, पंपानं हवा मारणं, हे सगळं मी न सांगता केलं.

काडी लावण्याआधी चहाच्या पातेल्यात तपासून घेतली. पाणी उकळायला लागलं आणि मीटर खाली जायला लागला! मीटर खराब निघाला म्हणून विकणाऱ्याला चार शब्द लिहायच्या बेतात होतो. मग माहितीपत्रक वाचलं. पिवळी आणि लाल अशा दोन तारा. आयुष्यभर लाल म्हणजे प्लस शिकलेला माणूस लाल प्लसलाच जोडणार. पण थर्मोकपलच्या अमेरिकी रंगपद्धतीत लाल ही मायनस. तारा बदलल्या, मीटर ९८ वर स्थिरावला. शंभर का नाही, हा प्रश्न आईनं विचारला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, इथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं.

एक चूक तरीही झाली. केबल हातभर कमी पडली म्हणून घरातली साधी तांब्याची तार जोडली. तसं केलं की बॉनेटखालचा जोड आणि डॅशबोर्ड यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढं मीटर कमी दाखवतो, म्हणजे गाडी तापली की चाळीस-एक अंशांची थाप. थर्मोकपलच्या जातीचीच केबल लागते. ती एमआयडीसीत बॉयलरची मीटरं विकणाऱ्याकडे मिळाली. बाकी वायरिंग किरकोळ: चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजमधून प्लस, वाटेत २ अँपिअरचा वेगळा फ्यूज, चांगलं अर्थिंग, आणि केबल आधीच्याच रबरी बुचातून आत.

जोडताना आट्यांना तांब्याचं ग्रीस, पॅकिंग नवं, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत. काडीचं टोक वायूच्या वाटेच्या मधोमध येईल एवढीच आत. टर्बोत हातानं थोडं तेल ओतलं, इंजेक्टरच्या तारांचे प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे नळीतून तेल पोचावं. मग प्लग लावले आणि चावी फिरवली. मीटर १३० वर. गल्लीतल्या पोरांना काहीतरी जास्त अपेक्षित होतं.

पुढच्या मंगळवारी तुळजापूर. मामा पुढच्या सीटवर. तामलवाडीपर्यंत सपाट रस्त्याला साडेतीनशेच्या आसपास. घाट लागला, मी सवयीनं चौथ्यात रेटली आणि आकडा असा पळाला की मामांनी चष्मा काढून पुसला. सहाशे, साडेसहाशे, सहाशे नव्वद. डिझेलला टर्बोच्या आधी सलग सातशेच्या वर जाऊ देऊ नये असं मानतात.

"गिअर काढ," मामा म्हणाले.

तिसऱ्यात घेतली, पाय तोच. आवाज वाढला आणि आकडा उतरू लागला, पाचशे ऐंशीवर येऊन थांबला. डिझेल इंजिन जास्त फिरलं की तेवढ्याच डिझेलला जास्त हवा मिळते आणि वायू थंड निघतो. मी इतकी वर्षं आवाज कमी म्हणजे इंजिन आरामात असं समजून बरोबर उलटं करत होतो.

वर पोचल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवायची, ही माझी दुसरी सवय. पण गर्दीतून रांगत पार्किंगला येईपर्यंत मीटर १७० वर आला होता.

"आता कशाची वाट बघालास?" मामांनी दार उघडत विचारलं. मी चावी काढली.