तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनी काढू आणि 'स्वतः चालणारी' घेऊ का?

हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. "बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बिल्डिंगखाली उभीच असते. ती काढून एडासवाली (चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या यंत्रणांची) नवी घ्यावी का? आता तर गाड्या आपल्या आपण चालतात म्हणे!" यातलं शेवटचं वाक्य चूक आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मापात ऑटोमेशनच्या, म्हणजे गाडी आपली आपण चालण्याच्या, पायऱ्या ० ते ५. आपल्या शोरूममध्ये 'एडास' म्हणून जे विकतात ते फार तर दुसऱ्या पायरीवरचं असतं. वेग आणि स्टिअरिंग दोन्ही गाडी सांभाळते, पण रस्त्यावर नजर तुमचीच हवी. अमेरिकेत फीनिक्सला वेमो या कंपनीने २०२० मध्ये विनाड्रायव्हर गाड्या लोकांसाठी खुल्या केल्या. त्या गाड्या आधीच बारकाईने नकाशा काढलेल्या हद्दीत फिरतात. आपल्याकडे मेट्रोचे पत्रे एका रात्रीत दहा फूट सरकतात आणि रस्त्यावर जुना पांढरा पट्टा नव्याशेजारी तसाच राहतो. लेन धरून ठेवणारा कॅमेरा त्यातला कुठला खरा मानणार? वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तरी ही लेनची मदत बंद ठेवा. काही गाड्यांत इंजिन परत चालू केलं की ती आपोआप सुरू होते, तेव्हा दरवेळी मेन्यूत बघा.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय. तिचं दुखणं वेगळं आहे. पुढचं अंतर सगळ्यात कमी ठेवलं तरी एक रिक्षा मावेल एवढी फट राहतेच, आणि मुंबईत जिथे रिक्षा मावते तिथे रिक्षा येते. मग गाडी ब्रेक मारते, पुन्हा अंतर सोडते, आणि त्यात दुसरी घुसते. मागच्या बसचा ड्रायव्हर काय म्हणत असेल ते सांगायला नको.

अटल सेतूवर किंवा पुण्याच्या एक्सप्रेस-वेवर पट्टे स्वच्छ असतात, तिथे क्रूझ खरंच कामाचं आहे. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढचं अंतर मोजणाऱ्या रडारला सरकत्या वस्तू नीट कळतात. थांबलेला ट्रक आणि कमानीचा खांब यांच्यावर आपटून परत येणाऱ्या लहरी मात्र त्याला सारख्याच दिसतात, म्हणून खोटे ब्रेक लागू नयेत यासाठी बऱ्याच गाड्या जास्त वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. कंपनीच्या पुस्तकात हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. एक्सप्रेस-वेवर बंद पडून उभा असलेला ट्रक हा नेमका त्यातलाच प्रकार.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मात्र कधीही बंद करू नका. तिची इशारा देण्याची संवेदनशीलता हवी तर कमी करा.

देखभालीत लोक दोन जागी फसतात. दसऱ्याला झेंडूचं तोरण थेट रडारच्या चकतीवर बांधतात. ओली फुलं लहरी शोषतात आणि डॅशबोर्डवर 'सेन्सर झाकला आहे' असा दिवा लागतो. तोरण बाजूला बांधा, देव रागावणार नाही. दुसरी जागा म्हणजे पुढची काच. ती बदलली की काचेच्या आतल्या बाजूला असलेल्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं) करावंच लागतं, मग गाडीप्रमाणे समोर नक्षीचा फलक ठेवून किंवा पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर चालवून. नजर १ अंशाने चुकली तर १०० मीटरवर ती १.७५ मीटर चुकते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये हे बरोबर अर्धी लेन. बिलावर कॅलिब्रेशन वेगळं लिहिलेलं नसेल तर ते झालेलं नाही असं समजा.

आता पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, कॉलमवर गिअर, आणि बिघडण्याआधी आवाज नाहीतर वास देऊन सांगण्याची सवय. मला तिचं हेच आवडतं. पण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्यासाठी बनलेलं नाही. जुनी रबरी नळी फुगते आणि मऊ होते, इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा फाटतो, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे पॅकिंग गळतात. शिवाय साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि चढावर फटके देतं.

उपाय क्रमाने करा. आधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या काढून एसएई जे३० आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या नळीची खूण) छाप असलेल्या बसवा, आतला व्यास जुन्या नळीवर मोजून. पंपाचा पडदा व्हायटॉन या खास रबराचा किंवा इथेनॉल चालेल असा मागून घ्या. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, म्हणून पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा बदला. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, त्यानंतर बदला, आणि एकच नंबर मोठा. मग प्लगचा रंग बघा. फिकट तपकिरी ठीक, पांढरा असेल तर मिश्रण अजून पातळच आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी फार झालं की ते टाकीच्या तळाशी बसतं, तेव्हा पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि दर दहा-पंधरा दिवसांनी गाडी नुसती सुरू न करता चालवा.

पार्ट आत्ताच जमवा. पंपाचा आणि कार्ब्युरेटरचा किट, व्हील सिलिंडरची रबरं, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्यूटर कॅप. टॅक्सी होत्या तोवर बाजार जिवंत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि गिऱ्हाईक म्हणून फक्त शौकीन उरले.

जुनी पद्मिनी घ्यायला जात असाल तर लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे. पायाखालची मॅटिंग उचला, बॅटरीखालचा ट्रे बघा. समुद्राची हवा तिथूनच गाडी खाते.

म्हणून माझं मत असं: पद्मिनी ठेवा, पण घरची एकमेव गाडी म्हणून नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, एअरबॅग नाही. आई-वडिलांना एक्सप्रेस-वेने पुण्याला न्यायचं तर एबीएस आणि एअरबॅगवाली नवीच वापरा. पद्मिनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला. वाटेत पाण्यातून गेलात तर ड्रम भिजतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. म्हणून बाहेर पडल्यावर हळू चालवत पॅडल हलकं दाबून धरा, ब्रेक पुन्हा पकडेपर्यंत.