पोहे सोडू नका, ताटली बदला

मधुमेह निघाला की घरात पहिली कुऱ्हाड पोह्यांवर पडते आणि त्यांच्या जागी चहाबरोबर चार मारी बिस्किटं येतात. हा बदल तोट्याचा आहे. बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर. पोह्यांत निदान काहीतरी घालता तरी येतं.

पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतं, यकृत रक्तात ग्लुकोज सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. म्हणून मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातो तो नाश्ताच.

पोहे वजनकाट्यावर मोजा. एका माणसाला कोरडे जाडे पोहे ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं. बटाटा नको, वरून भुरभुरायची चमचाभर साखरही नको. वाफवलेली मोडाची मटकी अर्धी वाटी, शेंगदाणे २० ग्रॅम (यातून ५ ग्रॅम प्रथिनं), कांदा, कोबी, फरसबी मिळून एक वाटी. लिंबू हात सैल सोडून पिळा. आंबटपणामुळे पिष्ट थोडं सावकाश पचतं. हमखास चूक एकच होते: मटकी वाढते, पोहे मात्र तेवढेच राहतात. मग एकूण कर्बोदकं वाढतात आणि दोष मटकीला लागतो.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी काकडी-टोमॅटो आणि उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही, दहा मिनिटांनी पोहे. मग १५ मिनिटं चाला. चालताना स्नायू ग्लुकोज ओढून घेतात. त्यासाठी पर्वती चढायला नको, सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या पुरतात.

चहा बिनसाखरेचा. अमृततुल्यात साखर घालूनच उकळतात, त्यामुळे वेगळा करून देत असतील तरच घ्या. मिसळीतली उसळ चांगलीच, घात करतात पाव आणि फरसाण.

ग्लुकोमीटरवर तपासताना वेळ पहिल्या घासापासून मोजा, शेवटच्या नव्हे. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस राहिला तरी आकडा फुगतो. दोन तासांनी १८० च्या आत हे बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य असतं, तुमचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

साबुदाण्याची खिचडी मात्र फसवते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. तूप आणि दाण्याच्या कुटामुळे पोट हळू रिकामं होतं, साखर उशिरा चढते आणि दोन तासांचा आकडा बरा दिसू शकतो. उपवासाच्या दिवशी तीन तासांनी पुन्हा तपासा. शक्यतो भगर-दाण्याची आमटी घ्या, तीही भगर मोजूनच.

ग्लिमेपिराइडसारखी (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी) गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोहे निम्मे करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच ठेवून कर्बोदकं घटवली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: हात थरथरतात, दरदरून घाम येतो. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.