बॅनचं कारण का सांगत नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही लोक बॅन करता ते करता, पण कारण का सांगत नाही?" भाचे विचारतात, नवऱ्याच्या ऑफिसातली पोरं विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या मुलाने मठ्ठा वाढून व्हायच्या आत विचारलं. मी मालाडला ऑनलाइन गेमच्या सपोर्टमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायच्या कामावर, होते एवढं कळायची खोटी. नोकरी सुटली, प्रश्न काही सुटत नाही. तेव्हा एकदाच सविस्तर सांगते, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार आहे. कुठल्या गेमचं काम होतं ते विचारू नका, तसं लिहून दिलंय.

आधी ते 'तुम्ही लोक'. मी कुणालाही बॅन करत नव्हते. माझ्या स्क्रीनवर अकाउंटचा नंबर यायचा, देश यायचा, बॅनची तारीख यायची आणि एक टॅग: 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर'. कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या मॅचमध्ये, कशावरून सापडलं, यातलं अक्षरही नाही. अपील आलं की एल-टूला, म्हणजे आमच्या वरच्या पायरीला, ढकलायचं, तिकडून 'कायम' किंवा क्वचित 'रद्द' असा शेरा यायचा आणि आम्ही मॅक्रो, म्हणजे तयार ठेवलेलं छापील उत्तर, चिकटवायचो: तुमच्या खात्याची फेरतपासणी झाली आहे, निर्णय कायम आहे. टीएलचं, म्हणजे टीम लीडरचं, लक्ष एका टिकीटाला, म्हणजे एका तक्रारीला, किती वेळ लागला यावर, उत्तरं तपासणाऱ्या क्यूएचं लक्ष मी मॅक्रोत पदरचं वाक्य घुसडलं का यावर. कारण लपवायला ते आधी माहीत असावं लागतं. आम्हाला ते माहीतच नसायचं.

पण हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे कंपनीच चोर." तसंही नाही. गप्प राहण्यामागचं कारण मला तेव्हा पटत होतं, आजही पटतं. चीट, म्हणजे गेममध्ये लबाडी करून देणारं सॉफ्टवेअर, विकणं हा रीतसर धंदा आहे. महिन्याच्या भाड्याने मिळतात. भिंतीपलीकडचा माणूस दाखवणारा वॉलहॅक, नेम धरून देणारा एमबॉट, जे हवं ते. विकणाऱ्यांच्या साइटवर प्रत्येक मालापुढे पाटी असते, 'अनडिटेक्टेड' नाहीतर 'अपडेटिंग'. त्यांचाही कस्टमर सपोर्ट असतो आणि तो आमच्यापेक्षा चटकन उत्तर देतो, हे मी जळून सांगतेय. अशा माणसाला कळलं की आपली अमुक फाइल पकडली गेली, तर संध्याकाळपर्यंत ती बदललेली असते. म्हणूनच पुष्कळदा सापडल्या सापडल्या उडवत नाहीत. नावं साठवतात आणि एके दिवशी सगळ्यांना एकदम उडवतात. आपण नेमके कशामुळे सापडलो याचा विकणाऱ्याला मागमूस लागू नये, एवढ्यासाठी. वाल्व या गेम कंपनीचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅक, 2002 मध्ये आलं, त्याचे बॅनही असे उशिरा पडतात आणि तेही कारण सांगत नाही.

आणि अपील करणारे काय सगळे संत होते? "मी नाही, माझ्या भावाने केलं" हा आमच्या फ्लोअरवरचा सर्वांत जुना विनोद. इतके भाऊ कौरवांनाही नव्हते. आईची शपथ, देवाची शपथ, बोर्डाच्या परीक्षेची शपथ. 'निर्णय कायम' गेलं की त्याच पत्त्यावरून दुसरा मेल: ठीक आहे, एकदाच वापरलं, आता सोडा ना. असे मेल बघून बघून सुरुवातीच्या काळातली मी ठासून सांगायचे की बॅन झालाय ना, मग केलंच असणार.

त्या बाईशी मी हल्ली मनातल्या मनात भांडते. तिला म्हणते, जुलै 2010 मध्ये मॉडर्न वॉरफेअर 2 खेळणाऱ्या सुमारे 12,000 लोकांना व्हॅकने चुकून उडवलं होतं, ते काय होतं? वाल्वने बॅन उठवले, माफी मागितली, वर लेफ्ट फोर डेड 2 हा गेम फुकट दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाची सोय दिली. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये ती चालू ठेवली की बॅन, कारण ती गेमच्या फायलींत हात घालत होती. ड्रायव्हर खुद्द कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा! एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली. ती बाई म्हणते, बघ, चुका सुधारतात ना? सुधारतात. हजारो लोक एका सुरात ओरडले की सुधारतात. एकटा ओरडला तर तो आमच्या क्यूमध्ये, म्हणजे तक्रारींच्या रांगेत, यायचा.

तसे एकटे ओरडणारे एक काका आमच्याच बिल्डिंगमध्ये निघाले.

भांडुपला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, बेस्टमध्ये कंडक्टर. मला लहानपणापासून 'अगं ए' म्हणत आलेले. मी नाइट करून येऊन दुपारची झोपले होते, तर हे दारात, हातात प्लास्टिकची पिशवी. "तुम्हाला जरा वेळ आहे का?" म्हणाले. मला 'तुम्ही'! झोप तिथेच उडाली.

पिशवीत लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातल्या, एका दुकानाचं कच्चं बिल होतं. सेकंडहँड असेंबल्ड कॉम्प्युटर मशीन, 26,000 रुपये. पोरगा एफवायला. प्रोजेक्टला लागतं म्हणून घेतलेलं, आणि प्रोजेक्ट कुठला ते काकांनाही ठाऊक होतं. अकाउंट पोराचं जुनंच, सायबरमध्ये तासाला पैसे मोजून वर आणलेलं. कॉलेजच्या फेस्टसाठी टीममध्ये नाव लागलेलं. मशीन घरी आलं आणि पंधरवड्यात बॅन. अपील केलं, उत्तर आलं. काकांनी त्या उत्तराची झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली होती. मला ते वाचावं लागलं नाही, स्वल्पविरामासकट पाठ होतं.

खाली गेले. मशीन शोकेसशेजारी जमिनीवर, एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. मदरबोर्ड स्वच्छ पुसलेला, पण पंख्याच्या पात्यांच्या मागच्या कडेला जुनी काळी धूळ. सीरियल नंबरचा स्टिकर नखाने खरवडून अर्धा काढलेला. आता स्टिकर खरवडून सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही, नंबर बोर्डाच्या चिपमध्येही असतो. वॉरंटीच्या भानगडींसाठीही खरवडतात. पण कुणीतरी खरवडला होता एवढं खरं.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण ते न कळल्यामुळेच निम्मी भांडणं होतात. काउंटर-स्ट्राइक डिसेंबर 2018 मध्ये फुकट झाला, जून 2020 मध्ये आलेला व्हॅलोरंट पहिल्यापासून फुकट. फुकट गेममध्ये अकाउंट उडवून चीटरचं काय बिघडतं? दोन मिनिटांत दुसरं काढतो. म्हणून पुष्कळ गेम मशीनवरच बंदी घालतात. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, यांच्या नंबरांवरून मशीन ओळखलं जातं. व्हॅलोरंटचं चीट पकडणारं व्हॅनगार्ड तर विंडोजबरोबरच सुरू होतं आणि कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, जातं. मशीनचं सगळं त्याला दिसतं, फक्त त्या मशीनचा मालक बदललाय हे दिसत नाही. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पक्का चीटर काय करतो? स्पूफर विकत घेतो. स्पूफर म्हणजे मशीनचे नंबर खोटे दाखवणारं सॉफ्टवेअर. तो पुन्हा आत येतो. बाहेर राहतो तो लॅमिंग्टन रोडवरून मशीन घेणारा.

पोरगा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, माझ्या मशीनवर वर्डसुद्धा नाहीये." मला हसू आलं, काकांना कळेना. 2018 मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या मशीनवर भर मॅचमध्ये चीट सापडलं. फाइलचं नाव ठेवलं होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. संघ बरखास्त झाला, त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पोराने परदेशी लोकांत बरी गोळी मारली की चॅटमध्ये तेच दोन शब्द ऐकून घ्यायचे. हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या पोरांनी असं केलंय आधी."

मग त्यांनी जे विचारलं त्यासाठी मॅक्रो नव्हता. "मला त्या गेमशी काही देणंघेणं नाही. अकाउंट गेलं तर गेलं. हा खोटं बोलतोय का, एवढंच बघून सांगा."

ओळखीच्या माणसाचं टिकीट उघडायचं नाही असा नियम होता, आणि उघडलं तर त्याची नोंद व्हायची. लोक म्हणतात, शेजाऱ्यासाठी एवढंही करवलं नाही? अहो, उघडून दिसणार काय होतं? तोच टॅग. मी म्हटलं, काका, बोर्ड आधीच बॅन असू शकतो. त्यांचा चेहरा एवढा सैल झाला की मी 'असू शकतो'वर पुन्हा जोर दिला. त्यांनी तो ऐकला नाही. पोराच्या आईकडे वळून म्हणाले, "मशीनच चोरीचं आहे बघ," आणि ती आत चहा टाकायला गेली.

दुकानदाराने विकलेला माल परत घेतला नाही. काकांनी 5,500 घालून दुसरा बोर्ड बसवून घेतला. पोराने नवं अकाउंट काढलं. महिनाभर ठीक चाललं आणि पुन्हा बॅन.

या वेळी काका आले नाहीत, काकू आल्या. "ते बोलत नाहीयेत त्याच्याशी," म्हणाल्या. खाली गेले तेव्हा काका ड्यूटीवर होते. पोराला म्हटलं, डाउनलोड्स उघड. त्यात एक झिप फाइल होती. नाव काहीबाही, पण असल्या नावांची मला सवय होती. स्पूफर. तारीख पहिल्या बॅननंतरची, नवा बोर्ड यायच्या आधीची. "कॉलेजातल्या एकाने दिला. पण मी चालवला नाही, ताई. मग बाबांनी बोर्ड आणला ना." डोळ्याला डोळा देऊन म्हणाला. पण डोळ्याला डोळा देऊन बोलण्यावर मी काय विश्वास ठेवणार, मी तर शपथा वाचून वाचून पगार घेत होते.

आता तुम्ही सांगा. बोर्ड बदलला तरी डिस्क तीच होती, नेटवर्क कार्ड तेच होतं, त्यावरून मशीन पुन्हा ओळखलं गेलं असेल. किंवा त्याने तो स्पूफर चालवला असेल, आणि तो चालवणं हाच गुन्हा. म्हणजे न केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेतून सुटायला खरा गुन्हा. किंवा पहिल्यापासून चीटच करत असेल. तिन्हींचा टॅग एकच, मॅक्रो एकच.

त्या झिप फाइलबद्दल मी काकांना सांगितलं नाही. यावरून माझं आणि नवऱ्याचं वाजलंय. तो म्हणतो, बापाला सगळं कळायला हवं. मी म्हणते, सगळं मलाच कुठे कळलं होतं? अर्धवट पुरावा त्या घरात नेऊन ठेवला असता तर त्याचा निकाल झाला असता, आणि निकाल द्यायला मला कुणी बसवलं नव्हतं. त्यावर तो म्हणतो, तुझी कंपनीही हेच म्हणते. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही.

नोकरी मी यामुळे सोडली असं समजू नका, तेवढी थोर नाही. ॲसिडिटी आणि पहाटेची कॅब, बास.

निदान बंदी मशीनवर आहे की खेळणाऱ्यावर एवढं तरी सांगावं, असं मला वाटतं. फ्लोअरवर अजून असलेली माझी मैत्रीण म्हणते, वेडी आहेस का, स्पूफर बनवणाऱ्यांना त्यातून फुकटात टेस्टिंग मिळेल, आपला माल चालला की नाही ते आपणच कळवायचं का? तिचं बरोबर आहे. मग मी म्हणते, चालेल, मिळू दे टेस्टिंग. मग ती विचारते, आणि त्यानंतर येणाऱ्या चीटरांच्या हातून रोज मार खाणाऱ्या पोरांना तू सांगशील का? मग आम्ही सासूबाईंवर येतो.

ते मशीन काकांनी दिवाळीआधी विकलं, 14,000 ला, कल्याणच्या एका मुलाला. काका सरळ माणूस, त्यांनी घेणाऱ्याला आधीच सांगितलं की यावर बॅन आहे बाबा, गेम चालेल न चालेल. तो म्हणाला, "टेन्शन नको काका, माझ्याकडे स्पूफर आहे."