पाच थांबे, पाच पानं

पंधरा-वीस गाड्यांनी मिळून फिरायला निघायचं म्हटलं, की पुण्याच्या चांदणी चौकातच फाटाफूट होते. पुढची गाडी निसटते, मागची अडकते आणि 'कुठे पोचलात?'च्या फोनाफोनीत भूगाव येतं. पोकर रन या प्रकारात यावर मोठा गोड तोडगा आहे. रांगेने चालायचंच नाही. वाटेत पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर पत्त्याचं एक पान ओढायचं, आणि शेवटी ज्याचा हात, म्हणजे पाच पानांचा संच, भारी तो जिंकला. आधी पोचण्याला किंमत शून्य. त्यामुळे धापा टाकणारी जुनी मारुती आणि कालच शोरूममधून आलेली एसयूव्ही एकाच पंगतीला बसतात.

पुण्याहून ताम्हिणीचा रस्ता यासाठी झकास. भूगाव आणि पिरंगुट दोन्हीकडे थांबे ठेवायचा मोह होतो, पण ती गावं इतकी जवळ आहेत की गाड्या साचतात. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी आणि पाचवा जेवणाच्या जागी, असं बरं पडतं. जागा जाताना डाव्या हाताला हवी आणि पाच-सहा गाड्या डांबराच्या बाहेर उभ्या राहतील एवढी. वळणावर, दृश्य कितीही सुंदर असलं तरी, नाही. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी एक गाडी सोडावी. वीस गाड्यांना चाळीसेक मिनिटं जातात, पण पुढे कोणी कोणाच्या बंपरला चिकटत नाही. रस्ता कागदावर छापून द्यावा, पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो.

सामान थोडकं. पाच कॅट, जोकर काढलेले, आणि दर गाडीला एक चिठ्ठी. कॅट प्लॅस्टिकचे घ्यावेत. कागदी पानं मुळशीच्या दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि एकाच्या जागी दोन हातात येतात. लिहायला साधं बॉलपेन. जेल पेनने लिहिलेली किलवर सत्ती पहिल्याच सरीत निळा डाग होते. घाटमाथ्यावर वाऱ्याने पानं उडतात, म्हणून ती पसरून न ठेवता कापडी पिशवीत टाकावीत आणि हात घालून ओढावीत. हे काम मागच्या सीटवरच्या पोरांचं. थांब्यावरच्या माणसाने पान चिठ्ठीवर स्वतः लिहून सही करायची आणि पान पुन्हा पिशवीत टाकायचं. लिहायचं काम गाडीवाल्यांवर सोडलं की एक्क्यांचं पीक फार येतं.

खरी गोम इथे आहे. प्रत्येक थांब्यावर पूर्ण कॅट असल्याने बदामची राणी पिरंगुटला आली तशी ताम्हिणीलाही येऊ शकते. मग तीच राणी दोनदा धरायची का? नियम आधीच ठरवावा. चिठ्ठीवर असलेलं पान पुन्हा आलं तर ते परत टाकून दुसरं ओढायचं. एवढं केलं की हिशेब एकाच कॅटमधून पाच पानं वाटल्यासारखा होतो. वीस गाड्या असतील तर साधारण दहांच्या हातात काहीच लागत नाही, आठ-नऊ जणांकडे एक जोडी आणि एखाद्याकडे दोन जोड्या. म्हणजे वीस जणांत निकाल बहुतेकदा दोन जोड्यांवर किंवा त्याहून भारी हातावर लागतो. एकेका जोडीवरच आलं आणि दोघांच्या जोड्या सारख्या निघाल्या तर उरलेल्या तीन पानांतलं सर्वांत मोठं पान बघायचं, हेही निघतानाच सांगून टाकावं.

तरी भाकरी मोडता मोडता वाद होतोच. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळून सगळ्यांचे हात बसलेले. तिथे सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं) कलरला (एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी पानं) मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर सिक्वेन्सला मारतो. दोन्ही बरोबर आहेत. तीन पानांत नुसते सिक्वेन्स 720 प्रकारे जुळतात आणि नुसते कलर 1096 प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणून कलर भारी. हे आकडे चिठ्ठीच्या मागे छापलेले असले तर पिठलं गरम असताना पोटात जातं.

बक्षीस म्हणून रोख रक्कम ठेवू नये. पैसे गोळा करून पत्त्यांवर लावले, की 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आठवावा लागतो. वर्गणी नाश्त्यापुरती घ्यावी आणि जिंकणाऱ्याला पाच किलो आंबेमोहोर द्यावा. मुळशीत याहून शोभेसं काय असणार!

मुळशीला पान ओढून झालं की पाण्याकडे जरा निवांत बघावं. धरण मुळा नदीवर, पण पाणी जातं घाटाखाली, भिऱ्याच्या वीजघराकडे. याच धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी होते. हे सांगायला थांब्यावर एखादा गप्पिष्ट माणूस असावा, फक्त पिशवी त्याच्या हातात देऊ नये. रांग पौडपर्यंत जाईल.

जेवून पुढे घाटाखालच्या विळे गावाकडे उतरणार असाल तर दुसरा गिअर टाकून. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. धुक्यात हेडलाइट लो बीमवर. चारी इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही.

आणि घरी आल्यावर पाचही कॅट मोजावेत. एकात हमखास एक्कावन्न निघतात. बावन्नावं पान कुठल्यातरी गाडीत सीटच्या फटीत असतं, बहुधा इस्पिकची तिर्री.