चॅनेल नऊ

एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, रिअॅलिटी शोवर साउंड करायचं म्हणजे दिवसभर घामाशी भांडण. गाण्याच्या शोमध्ये लेपल, म्हणजे छातीवरचा चिमुकला माइक, सकाळी लावला की रात्री काढायचा. इथे फायटर दोन-दोन वेळा ट्रेनिंग करतात, सॉनात बसतात, वजन उतरवायला गरम पाण्याच्या टबात पडून राहतात. माइकचा आवाज आमच्यापर्यंत पाठवणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये घाम शिरला की तो मेलाच. त्यावर आमच्या धंद्यातला जुना उपाय कंडोमचा. ट्रान्समीटर आत सरकवायचा, तोंडाला गाठ मारायची आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळायचं. आमच्या स्पॉटदादाने कर्जतच्या मेडिकलमधून एकदम सहा डझन उचलले. दुकानदाराने त्याला काय काय विचारलं, हे तो शेड्यूल संपेपर्यंत प्रत्येक चहाला सांगत होता.

शोचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. साचा अमेरिकेतल्या ‘द अल्टिमेट फायटर’चा. सोळा फायटर, दोन टीम, दोन कोच, एक बंगला. फोन नाही, टीव्ही नाही, आणि हरला तो घरी. आमच्या क्रिएटिव्ह हेडला ‘अल्टिमेट फायटर’चा पहिला सीझन तोंडपाठ होता. शूट सुरू होण्याआधी त्याने अख्ख्या युनिटला बसवून त्याची फायनल दाखवली होती. ९ एप्रिल २००५, लास व्हेगास, फॉरेस्ट ग्रिफिन विरुद्ध स्टीफन बॉनर. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड दोघं एकमेकांना नुसते कुटत होते. तोवर या फाइट भरवणारी यूएफसी कंपनी तोट्यात चालली होती. ती फाइट टीव्हीवर फुकट बघायला मिळाली आणि कंपनीचं नशीब फिरलं. हरलेल्या बॉनरलाही करार मिळाला. क्रिएटिव्ह हेड म्हणाला, ‘मला असं काहीतरी हवंय.’ आमचा गॅफर, म्हणजे लाइटवाल्यांचा प्रमुख, हळूच म्हणाला, ‘मग त्यांच्यासारखं बजेट दे.’

आपल्याकडे हा खेळ तसा नवा नाही. २०१२ मध्ये सुपर फाइट लीग आली, २०२३ मध्ये एमएक्स प्लेअरवर सुनील शेट्टीचा ‘कुमिते वन वॉरियर हंट’ आला. त्यात कोच होता भरत खंडारे. आमच्या बंगल्यातल्या मराठी पोरांच्या तोंडी सतत त्याचंच नाव. कुस्तीतून निघून यूएफसीपर्यंत गेलेला आपला माणूस. २०१७ मध्ये शांघायला तो पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून गळा आवळायच्या डावात, अडकून हरला, पण ते कुणी धरतच नव्हतं. गेला ना तिथवर, बस.

अशाच एका पोराचा माइक माझ्या मिक्सरवर चॅनेल नऊवर होता. साताऱ्याकडचा, तालमीत वाढलेला. सेटवर सगळे त्याला पैलवानच म्हणायचे. हेडफोनमधून माणसाची ओळख वेगळीच होते. कॅमेऱ्यापुढे हा गप्प, लाजरा. पण लेपल छातीवर चिकटवलेला, त्यामुळे त्याची पुटपुट मला ऐकू यायची. दोरीवरच्या उड्या मारताना तो कर्जाचे हप्ते मोजायचा. बहिणीच्या लग्नाला घेतलेलं कर्ज होतं. झोपण्याआधी भिंतीकडे तोंड करून मारुती स्तोत्र म्हणायचा, तेही ‘भीमरूपी महारुद्रा’पासून सुसाट, एका दमात. सगळं शांत असलं की त्याच्या छातीचे ठोकेसुद्धा यायचे. लांब काठीवरचा बूम माइक धरणारा पोरगा म्हणायचा, ‘सर, नऊ नंबर म्युट करा, मला झोप येते.’

क्वार्टर फायनलच्या आदल्या दिवशी त्याने वजन केलं. फेदरवेट, म्हणजे ६५.८ किलो. रात्रभर टब, टॉवेल, पुन्हा टब. सकाळी काट्यावर उभा राहिला तेव्हा गाल आत गेलेले, ओठांना पापुद्रे. वजन भरलं, मग ओआरएस, भात, केळी. दुसऱ्या दिवशी दुपारी फाइट.

फाइटआधी लेपल निघतो. तेव्हा आवाज येतो तो पिंजऱ्याच्या खांबांवर लावलेल्या माइकमधून आणि कॉर्नरमधल्या कोचच्या लेपलमधून. पहिल्या राउंडमध्ये त्याला डावा हुक बसला. तो आवाज मी विसरलेलो नाही. ठोसा ग्लोव्हवर बसला की पसरट आवाज येतो, हा कोरडा होता. पैलवान गुडघ्यावर गेला, समोरच्याच्या पायाला मिठी मारून कसाबसा टिकला. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने पट काढला, पाठीवर चढला आणि मागून गळा आवळला. समोरच्याने टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. बंगल्यातली पोरं जाळीवर चढली. क्रिएटिव्ह हेड व्हिडिओ व्हिलेजमध्ये, मॉनिटरसमोर, अक्षरशः नाचला. पडून उठलेला, गरीब घरचा, कुस्तीच्या डावावर जिंकलेला. त्याला सीझनचा हिरो सापडला होता.

डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, नाव विचारलं, मान हलवली आणि ते दुसऱ्या फायटरकडे गेले. त्याची भुवई फाटली होती, टाके घालायचे होते. मी पिंजऱ्याबाहेर येऊन पैलवानाच्या छातीवर परत लेपल चिकटवला. घामाने टेप धरेना, दोनदा पुसून लावली. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘दादा, माझी फाइट कधी हाय?’

मी म्हटलं, ‘आता सेमी फायनललाच.’ गंमत करतोय असंच वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं.

मिक्सरवर परत आलो, हेडफोन चढवला. नऊ नंबरवर कोचचा आवाज, शाबासकी, पाठीवर थापा. मग पैलवान, ‘सर, माझी फाइट कधी हाय?’ कोच मोठ्याने हसला. थोड्या वेळाने पाण्याची बाटली देणाऱ्या स्पॉटदादाला तेच. दादा म्हणाला, ‘झाली ना बाबा, जिंकलास.’ ‘व्हय?’ म्हणाला. मग मेकअपच्या मुलीला. त्याच शब्दांत, त्याच चालीत, जणू पहिल्यांदाच विचारतोय.

प्रत्येकाने तो प्रश्न एकदाच ऐकला होता. चारही वेळा ऐकणारा मी एकटा.

शूट चालू असताना साउंड रेकॉर्डिस्ट मिक्सर सोडत नाही. आग लागली तरी आधी फाइल सेव्ह करतो, असं आम्ही नव्या पोरांना सांगतो. मी बूमवाल्याला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा तिसरा टाका चालू होता. ‘दोन मिनिटं’ म्हणाले. टाके संपल्यावर त्यांना मिक्सरपाशी आणलं, टाइमकोड लावून नऊ नंबरचा ट्रॅक ऐकवला. तिसऱ्या वेळेलाच त्यांनी हेडफोन काढला आणि शूट थांबवायला सांगितलं.

पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून पाच शब्द सांगितले आणि परत म्हणायला लावले. त्यातले दोन आले. महिने डिसेंबरपासून उलटे म्हण, असं सांगितलं. तो ‘ऑक्टोबर’पर्यंत आला आणि तिथून पुढे सुलटा जायला लागला. आज कुणाशी लढलास? बराच वेळ विचार करून त्याने आदल्या आठवड्यात हरलेल्या पोराचं नाव सांगितलं. मग स्वतःच गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. आणि मग पुन्हा तोच प्रश्न.

निर्मात्यांच्या माणसाचं म्हणणं, वजन उतरवलंय, अंगात पाणी कमी आहे, सलाइन लावा, सेमी फायनल तीन दिवसांवर आहे. त्याच्याही डोक्यावर बंगल्याचं भाडं होतं, पिंजऱ्याचं भाडं होतं, हे मला मान्य आहे. पैलवानाला पनवेलला नेऊन सीटी स्कॅन केला. रिपोर्ट नॉर्मल. तेव्हा तर निर्मात्यांचा माणूस जिंकल्यासारखाच बोलायला लागला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की, मेंदूला हिसका बसला की तो सीटीवर दिसतोच असं नाही. सीटी रक्तस्राव शोधायला असतो. हा बरा होण्याआधी दुसरा मार बसला, तर मेंदू सुजून माणूस जाऊ शकतो. मग त्यांनी ते लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का मारून दिलं. कागद हातात आल्यावर वाद संपला. आमच्या धंद्यात तोंडी सांगण्याला किंमत नाही.

क्रिएटिव्ह हेडला मात्र तासाभरात मार्ग सुचला. पहिल्या ‘अल्टिमेट फायटर’मध्ये नेट क्वॉरीचा घोटा दुखावला होता, तेव्हा बाहेर गेलेल्या ख्रिस लेबनला त्याच्या जागी परत घेतलं होतं. आमच्याकडेही मग आधी हरलेल्या एकाला गाडी पाठवून बोलावलं. कथा चालू राहिली.

रात्री पैलवान बराच भानावर आला होता. आपण बाहेर गेलो हे कळल्यावर तो माझ्यापाशी आला. लेपल त्याने स्वतःच ओढून काढला होता, छातीवर टेपचा लाल चौकोन. ‘दादा, माइक माझ्या छातीवर होता ना? मग मला सांगायचं होतं.’ मी म्हटलं, ‘तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा विचारलं असतंस, फाइट कधी आहे म्हणून.’ तो हसला नाही. बक्षिसाची रक्कम त्याच्या हप्त्यांच्या हिशेबात आधीच धरलेली होती, हे मला चॅनेल नऊमुळे माहीत होतं. त्यामुळे पुढे काही बोलता आलं नाही.

काही महिन्यांनी एपिसोड आला. एडिटवर चारातला एकच प्रश्न ठेवला होता, माझ्याशी बोललेला. मागे ‘टुइंग’ असा आवाज, कोचचं हसणं वरून चिकटवलेलं. विनोद म्हणून. पुढच्या एपिसोडला काळ्या पडद्यावर एक ओळ, ‘दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर’. मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये साउंड लावणाऱ्याला फोन करून शिव्या घातल्या. तो म्हणाला, सर, मला जेवढा ट्रॅक दिला तेवढाच मी लावला.

त्याच रात्री पैलवानाचा फोन. ‘दादा, ते मी खरंच म्हणलो होतो?’

मी त्याला चारही वेळा कुणाकुणाला म्हणाला ते सांगितलं. ट्रॅक देता येत नव्हता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की, तालीम सुरू केलीय, पण कोच अजून डोक्याला हात लावू देत नाहीत, नुसते पट आणि दोरी. पुढच्या स्पर्धेला फिटनेस सर्टिफिकेट लागणार होतं. गावातला डॉक्टर न बघता लिहून द्यायला तयार होता.

‘मला नको तसलं,’ तो म्हणाला. ‘त्या टाकेवाल्या डॉक्टरांचा नंबर द्या.’

दिला. आणि त्यांची फी किती आहे, तेही सांगून ठेवलं.